पत्रादेवी ते जुनं गोवं, चालत

संत फ्रान्सिस झेवियरची नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, 24 नोव्हेंबरला सुरू होते आणि 3 डिसेंबरला फेस्त, म्हणजे त्याचा सण. त्या दिवसांत आमच्या सिंधुदुर्गातल्या चर्चच्या पॅरिशमधून काही जण चालत जुन्या गोव्याला जातात. पत्रादेवीला हद्द ओलांडली की गोवा. पहाटे अंधारात निघायचं, ऊन चढायच्या आत जमेल तेवढं चालायचं. पुढे एक जण लाकडी क्रूस घेऊन, मागे आमची रोझरी म्हणजे जपमाळेची प्रार्थना, बाजूने धडाडत जाणारे ट्रक. टाळमृदंग नाहीत, पण आमच्याकडे सगळे वारीच म्हणतात.

मी का गेले ते सांगते. आमच्यात लग्नाआधी तीन रविवारी मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, वधूवरांची नावं वाचतात, कुणाची हरकत असेल तर कळावी म्हणून. आमची दोन रविवारी वाचली. मग त्याचा फोन आला. कारणं दिली त्याने, ती त्याच्यापाशीच राहू देत. तिसऱ्या रविवारी फादरांनी दुसऱ्याच जोडप्याची नावं वाचली आणि अख्खं चर्च माझ्या पाठीकडे बघतंय असं वाटलं. हरकत शेवटी नवऱ्या मुलाचीच निघाली.

पुढचे कित्येक महिने भेटेल तो एकच सांगायचा, "देवाने काहीतरी चांगलंच ठरवलं असेल." या वाक्याचा मला अजूनही राग येतो. बायबलमधल्या इयोबाची मुलं गेली, गुरंढोरं गेली, अंगभर फोड आले, तेव्हा त्याचे मित्र आले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले. एक शब्द बोलले नाहीत. तोवर ते चांगले मित्र होते. मग त्यांनी तोंड उघडलं, कारणं समजावू लागले, आणि शेवटी देव त्यांच्यावरच संतापला. रोज बायबल वाचणारी माणसं हा भाग गाळून वाचतात की काय कोण जाणे.

कोलवाळच्या पुलावर शापोरा नदीचा वारा लागला आणि मला रडू आलं. नेमकं तिथेच का, माहीत नाही. माझ्या बाजूला आमच्या वाड्यातली मावशी होती. गुडघे दुखत असूनही दरवर्षी चालते. तिने माझ्याकडे बघितलंही नाही. म्हणाली, "रडान घे गो बाय. चलताना कोण बघणा नाय." आणि जपमाळेचा पुढचा मणी धरला. म्हापशापर्यंत ती दुसरं काही बोलली नाही.

त्या दिवशी शुक्रवार, म्हणजे रोझरीत दुःखाची रहस्ये, येशूच्या यातनांचे प्रसंग. पहिलंच रहस्य गेथशेमानीच्या बागेचं. लहानपणापासून म्हणत आलेय, पण त्या दिवशी कानावर वेगळं पडलं. येशू तिथे घाबरलेला आहे. हा दुःखाचा प्याला टळू दे म्हणून बापाजवळ मागतो आहे. तीन मित्रांना म्हणतो, जरा जागे राहा माझ्यासोबत, आणि ते झोपतात. प्याला टळत नाही. तोपर्यंत माझी प्रार्थना एकच होती, त्याला परत आण. तिला उत्तर येत नव्हतं आणि मला वाटायचं, माझी श्रद्धाच कमी पडतेय. आता पाहिलं तर खुद्द येशूचं मागणंही तसंच राहिलेलं. मला फार हलकं वाटलं. मागणं पुरं न होणं म्हणजे देवाने टाकणं नव्हे, हे कुणी व्यासपीठावरून सांगितलं असतं तर मी जांभई दिली असती.

म्हापशात एका घरच्यांनी आम्हा सगळ्यांना पेज आणि लोणचं वाढलं. घरात गणपतीची तसबीर होती. सायबाचे, म्हणजे झेवियरचे, लोक म्हणून आत बोलावलं, वर पाण्याच्या बाटल्या भरून दिल्या. गोव्यात याचं कुणाला नवल वाटत नाही. म्हापशाची मिलाग्रिस सायबीण, म्हणजे मारिया माता, शिरगावच्या लईराई देवीची बहीण, असं दोन्हीकडचे लोक मानतात.

पर्वरीचा चढउतार, मांडवीचा पूल, पणजी. मग रायबंदरचा सरळसोट रस्ता. सतराव्या शतकात पोर्तुगिजांनी बांधलेला, एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला मिठागरं आणि पाणथळ. इथे पाय बोलायला लागले. चप्पल काढली तर फोड, घातली तरी फोड.

जुन्या गोव्यात बॉम जीझस चर्चच्या रांगेत सायबाचा विचार करायला भरपूर वेळ मिळाला. 1542 मध्ये गोव्यात उतरलेला हा नाव्हारचा माणूस. युरोपातल्या सोबत्यांच्या पत्रांतून त्यांच्या सह्या कापून घ्यायचा आणि त्या स्वतःजवळ बाळगायचा. पूर्वेकडच्या बेटांवर एकटा, जवळ मित्रांची नावं. त्याला चीनमध्ये जायचं होतं. किनाऱ्याजवळच्या सांचियान बेटापर्यंत पोहोचला, पुढे नेणारी नाव आलीच नाही, आणि 3 डिसेंबर 1552 ला तो तिथेच तापाने गेला. ज्याच्याकडे आम्ही सगळे मागायला जातो, त्याची शेवटची इच्छा अर्धीच राहिली! त्याचं शव ठेवलेल्या चांदीच्या पेटीकडे मान वर करून बघताना मला तो पहिल्यांदा आपल्यातला वाटला.

बाहेर नवसाचे मेणाचे हात, पाय, बाळं विकायला होती. मावशीने गुडघ्यासाठी पाय घेतला. मी साधी मेणबत्ती.

त्याआधी पापनिवेदनाला बसले होते. म्हातारे फादर होते. मी सगळं सांगितलं, ज्याने लग्न मोडलं त्याच्याबद्दल काय काय चिंतलं तेही. त्यांनी समजूत घातली नाही. प्रायश्चित्त म्हणून म्हणाले, त्याचं नाव घेऊन एक 'नमो मारिया', मारियेची प्रार्थना, म्हण. एकच. मला वाटलं, सुटले. बाकावर जाऊन बसले तर नावच तोंडातून निघेना. पुढच्या बाकांवरची माणसं बदलली, मी तिथेच. शेवटी म्हटलं, कोरडंच, पण पूर्ण म्हटलं.

लगेच बरं वाटलं असं मुळीच नाही. परतताना बसमध्ये झोप मात्र गाढ लागली, ती कित्येक दिवसांत लागली नव्हती.

घरी आईने खाज्याचा पुडा सोडता सोडता विचारलं, काय मागितलंस. मी प्रायश्चित्ताचं सांगितलं. ती जरा थांबली आणि म्हणाली, "मग एक त्याच्या आईसाठीही म्हण. बाजारात मला बघितलं की बिचारी वाट बदलते."