यूट्यूब चालतंय, मग अपडेट का होईना?

उदगीरला देगलूर रोडवर माझं छोटं ऑनलाइन सेवा केंद्र आहे. तीन कॉम्प्युटर, एक झेरॉक्स, एक अंगठ्याचं मशीन. सातबारा, पीक विमा, शिष्यवृत्तीचे अर्ज, उत्पन्नाचा दाखला अशी कामं चालतात. २०२५च्या पावसाळ्यानंतर तर अतिवृष्टीच्या अनुदानाची केवायसी आणि लाडक्या बहिणीची केवायसी एकाच वेळी आली, त्यामुळे सकाळी शटर उघडायच्या आधीच पायरीवर माणसं बसलेली असायची. अशा गर्दीत विंडोजच्या अपडेटकडे बघायला कुणाला वेळ असतो? पण त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला विंडोज १०ची मुदत संपत होती. माझ्या मशीनवर रोज लोकांची आधार कार्डं आणि पासबुकं स्कॅन होऊन येतात. तिथं सुरक्षेचे अपडेट थांबलेले चालणार नव्हते. मुदतीआधीचे सगळे अपडेट घालून घ्यायचे आणि जी मशीनं विंडोज ११ला चालतील ती तिकडं न्यायची, असं मी ठरवलं.

अपडेट डाउनलोडच होईना. टक्का थोडा हलायचा, थांबायचा, आणि बऱ्याच वेळानं शेवटी ८००७२ईई२ असा आकडा यायचा. ह्या आकड्याचा अर्थ सरळ आहे: समोरच्या सर्व्हरच्या उत्तराची वाट बघून वेळ संपली. अपडेटमध्ये बिघाड आहे, असं तो आकडा म्हणत नाही. हे कळायला जरा वेळ गेला, कारण आमच्याकडे कॉम्प्युटरच्या कोणत्याही दुखण्यावर एकच औषध आहे. हार्डवेअरवाल्याला फोन केला तर त्यानं पूर्ण ऐकूनही घेतलं नाही, म्हणाला, "फॉरमॅट मारून टाका ताई." फॉरमॅट मारायचा म्हणजे प्रिंटरचा ड्रायव्हर, अंगठ्याच्या मशीनची आरडी सर्व्हिस (आधारसाठी लागणारं सॉफ्टवेअर), मराठी कीबोर्ड, सगळं पुन्हा बसवायचं, आणि एवढं करून अपडेट त्याच तारेतून येणार. मी नाही म्हटलं.

केबलवाल्याचा पोरगा मात्र बोलावल्यावर लगेच आला. चांगला पोरगा आहे, पावसात खांबावर चढतो. त्यानं मोबाइलवर स्पीड टेस्ट मारली, पन्नासच्या वर एमबीपीएस दिसले. मग माझ्याच कॉम्प्युटरवर यूट्यूब लावून दाखवलं. "नेट तर लई मस्त चालूलालंय ताई. यूट्यूब बगा की. तुमच्या कॉम्प्युटरलाच काहीतरी झालंय." त्याच्या बोलण्यात खोट नव्हती. व्हिडिओ खरंच अडखळत नव्हता. मग अपडेट का होईना, ह्या एका प्रश्नानं मला पुढं ओढत नेलं.

आधी मी अपडेट हिस्टरी उघडली. सेटिंगमध्ये विंडोज अपडेटच्या पानावरच ती असते. कोणता अपडेट कधी बसला आणि कोणता फेल गेला हे तारखेसकट दिसतं. शेवटचा यशस्वी अपडेट सप्टेंबरच्या सुरुवातीचा होता, त्यानंतर सगळे फेल. सप्टेंबरात काय बदललं होतं? मोठ्या पावसात वीज कडाडली आणि जुना राउटर जळाला होता, त्या जागी नवा बसला होता. संशयाला जागा मिळाली.

पण संशयावरून राउटर बदलायला पैसे कुठून आणायचे? म्हणून आधी मोबाइलचा हॉटस्पॉट लावून बघितला. इथं एक खाचखळगा आहे. डेटा वाचावा म्हणून मी हॉटस्पॉटला विंडोजमध्ये "मीटर्ड कनेक्शन" करून ठेवलं होतं. तसं असलं की विंडोज मोठे अपडेट स्वतःहून उतरवत नाही, आणि बघणाऱ्याला वाटतं की हॉटस्पॉटवरही तेच दुखणं आहे. ती खूण काढल्यावर अपडेट सुरळीत येऊ लागला. दिवसाचा डेटा संपेल म्हणून मी मध्येच थांबवला, पण कळायचं ते कळलं. विंडोज ठीक होतं. अडचण दुकानातल्या नेटच्या वाटेवर होती. फॉरमॅट मारला असता तरी काही फरक पडला नसता.

आता त्या वाटेत कुठं? फायबर येते ती भिंतीवरच्या ओएनयूच्या डब्यात (फायबरमधला प्रकाश साध्या नेटवर्क केबलवर आणणारा डबा), तिथून केबल राउटरला, राउटरमधून कॉम्प्युटरला. मी राउटर मधून काढला आणि डब्यातली केबल थेट माझ्या लॅपटॉपला लावली. विंडोजमध्येच ब्रॉडबँडचं नवं कनेक्शन तयार करून ऑपरेटरनं दिलेलं यूजरनेम-पासवर्ड टाकलं. ह्या पद्धतीला पीपीपीओई म्हणतात, आपल्याकडे गावोगावचे केबलवाले बहुतेक हीच वापरतात. काही ऑपरेटर राउटरचा मॅक ॲड्रेस, म्हणजे त्या यंत्राचा ओळख क्रमांक, बांधून ठेवतात, तो सोडवून घ्यायला फोन करावा लागतो. मलाही करावा लागला. जोडणी झाली आणि अपडेट भराभर डाउनलोड व्हायला लागला. म्हणजे ऑपरेटरची लाइन चांगली, कॉम्प्युटर चांगला, आणि मधला राउटर संशयित.

आता जरा तांत्रिक बोलते, कारण सगळी गंमत इथंच आहे.

नेटवरून माहिती तुकड्यातुकड्यानं येते. ह्या तुकड्याला पॅकेट म्हणतात. साध्या नेटवर्क केबलवर एका पॅकेटची कमाल लांबी १५०० बाइट असते, तिला एमटीयू म्हणतात. पीपीपीओईला प्रत्येक पॅकेटवर आपली ८ बाइटची चिठ्ठी चिकटवावी लागते, म्हणून आतल्या मालाला १४९२ बाइटच उरतात. राउटरला हे माहीत असलं तर तो समोरच्या सर्व्हरला सुरुवातीलाच सांगतो की तुकडे जरा लहान पाठव. माझ्या नव्या राउटरमध्ये मात्र एमटीयूचा आकडा १५००च होता. त्यामुळे सर्व्हर पूर्ण भरलेली पॅकेटं पाठवायचा आणि ती वाटेत अडायची. रेल्वेच्या बुटक्या पुलाखालून रिकामी ट्रॅक्टर-ट्रॉली आरामात जाते आणि वरपर्यंत ऊस रचलेली अडकते, तसं. पॅकेट अडलं तर "मोठं आहे, लहान करून पाठव" असा निरोप सर्व्हरकडे परत जायला हवा. पण वाटेत कुठंतरी असे निरोप अडवलेले असले तर सर्व्हर पुन्हा तेवढंच पॅकेट पाठवत राहतो, ते पुन्हा हरवतं, आणि शेवटी वेळ संपते. ८००७२ईई२ तिथून येत होता.

आणि यूट्यूब? त्याचंही उत्तर ह्यातच आहे. क्रोममधून यूट्यूब बघताना बहुतेक वेळा क्विक नावाची वेगळी पद्धत वापरली जाते. २०२१ साली ती रीतसर मानक झाली. तिची पॅकेटं मुळातच लहान असतात. सुरुवात निदान १२०० बाइटच्या पॅकेटानं होते आणि वाट मोठी आहे अशी खात्री पटल्याशिवाय ती आकार वाढवत नाही. म्हणून ती पुलाखालून निघून जायची. अपडेटची फाइल टीसीपी नावाच्या जुन्या पद्धतीनं पूर्ण भरलेल्या पॅकेटांतून येते. व्हॉट्सॲपचे मेसेजही छोटे, तेही पोचायचे. काही सरकारी पोर्टल अर्धवट उघडून गोल गोल फिरत बसायची. त्याचा दोष आम्ही सगळे सर्व्हर डाउनला देत होतो. सर्व्हर डाउन असतो, ते काही खोटं नाही. पण त्यातला काही वाटा आमच्या राउटरचा होता, असं आता वाटतं.

हे नुसतं वाचून मानायचं नव्हतं, मोजून बघायचं होतं. राउटर परत जोडला आणि काळ्या खिडकीत, म्हणजे कमांड प्रॉम्प्टमध्ये, पिंग मारलं, म्हणजे समोरच्या सर्व्हरला एक पॅकेट पाठवून उत्तर येतं का ते बघितलं. साधं पिंग लहान असतं, त्याला उत्तर येतंच. म्हणून त्यात दोन गोष्टी घालायच्या: "-एफ", म्हणजे हे पॅकेट वाटेत तोडू नका, आणि "-एल" व त्यापुढं आकार (दोन्ही अक्षरं इंग्रजीतली, लहान लिपीतली). पिंगच्या मालावर २८ बाइटचा मथळा लागतो, त्यामुळे १४७२ लिहिलं की पॅकेट बरोबर १५००चं होतं. १४७२ला उत्तर आलं नाही, "रिक्वेस्ट टाइम्ड आउट". १४०० टाकलं, लगेच उत्तर. मग मधले आकडे घेत गेले. १४६४पर्यंत उत्तर येत होतं आणि १४६५ला बंद. १४६४ आणि २८ मिळून १४९२. आकडा काट्यावर बसला तेव्हा मी एकटीच दुकानात हसले. झेरॉक्सला आलेल्या काकांनी विचारलं, "काय झालं बाई?" त्यांना काय सांगणार!

एक बारीक गोष्ट इथं लक्षात ठेवण्यासारखी आहे. राउटरला मर्यादा ठाऊक असती तर १४७२ला तो साफ सांगता, की पॅकेट तोडायला हवं पण तोडू नका असं लिहिलंय. "टाइम्ड आउट" येणं म्हणजे पॅकेट न सांगता गायब होतंय. दोन्ही वेळा पिंग फेलच दिसतं, पण दुखणं वेगळं.

दुरुस्तीला फार वेळ लागला नाही. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकून राउटरचं पान उघडलं (काहींचं १९२.१६८.०.१ असतं, राउटरच्या पाठीवर छापलेलं असतं), वॅन (बाहेरच्या नेटच्या) सेटिंगमध्ये एमटीयू १५००चा १४९२ केला, सेव्ह करून राउटर बंद-चालू केला. पुन्हा १४७२चं पिंग मारलं तर आता गायब न होता स्पष्ट उत्तर आलं की पॅकेट मोठं आहे. अपडेटचं बटण दाबलं आणि टक्का चढायला लागला.

केबलवाल्याच्या पोराला दाखवलं. तो आधी "असं कसं होईल" म्हणाला, मग स्वतः पिंग मारून बघितलं आणि आकडा मोबाइलमध्ये लिहून घेतला. गल्लीत अजून दोघांचं "गेम डाउनलोड होईना गेलंय" असं त्याच्याकडे चालूच होतं म्हणे.

ह्यानं एक मशीन आणि लॅपटॉप सुटले. दुसरं मशीन तरीही रुसून होतं, आणि त्याचा आकडा वेगळा होता: ८०२४४०२सी. हा आकडा सर्व्हरचं किंवा प्रॉक्सीचं (नेटकडे जाताना मध्ये बसणाऱ्या सर्व्हरचं) नाव सापडत नाही, असं सांगतो. ते मशीन मी एका कंपनीच्या जुन्या मालातून घेतलेलं. ब्राउझर त्याच्यावर नीट चालायचा, कारण ब्राउझरची प्रॉक्सी आणि विंडोजच्या आतल्या सेवांची प्रॉक्सी ह्या दोन वेगळ्या जागी लिहिलेल्या असतात. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून "नेटएसएच विनएचटीटीपी शो प्रॉक्सी" विचारलं, तर जुन्या ऑफिसच्या कुठल्याशा प्रॉक्सीचं नाव बाहेर आलं. "नेटएसएच विनएचटीटीपी रिसेट प्रॉक्सी" केल्यावर "डायरेक्ट ॲक्सेस" आलं आणि काम झालं. तिसऱ्या मशीनचं तर फार सोपं निघालं. लाइट गेली की त्याची तारीख काही वर्षं मागं जायची, आणि तारीख चुकली की सुरक्षित सर्व्हरचं प्रमाणपत्र त्याला खोटं वाटायचं. आतली नाण्याएवढी सीआर२०३२ बॅटरी बदलली.

नेटवर ह्यावर जे व्हिडिओ मिळतात त्यांत एका दमात आठ-दहा कमांड चिकटवायला सांगतात. डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सोय) फ्लश करा, विनसॉक रिसेट करा, अपडेटचं फोल्डर पुसा. त्यातली एखादी लागूही पडते, मी नाही म्हणत नाही. पण सगळ्या एकदम मारल्या की बरं झालं तर कशानं झालं ते कळत नाही, आणि नाही झालं तर आपण आधी कुठं होतो तेही विसरतं. मी डीएनएस बदलून १.१.१.१ करून बघितला होता, काही फरक पडला नाही, परत होता तसा केला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि आकडा वहीत लिहायचा. हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानावर तो सगळा तक्ता अजून आहे.

तीन मशीनला तीनदा गिगाबाइटभर डाउनलोड नको म्हणून विंडोजच्या डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन ह्या सेटिंगमध्ये "माझ्या लोकल नेटवर्कवरचे कॉम्प्युटर" एवढंच चालू ठेवलं. मग एका मशीननं उतरवलेला अपडेट बाकीची मशीनं दुकानातल्या दुकानात त्याच्याकडूनच घेतात.

दोन मशीनं आता विंडोज ११वर आहेत. तिसऱ्याला टीपीएम २.० (विंडोज ११ला लागणारी सुरक्षेची चिप) नाही, म्हणून ते १०वरच राहिलंय. त्याच्यावर आधार-पासबुकाचं कुठलंही काम आता करत नाही, फक्त प्रिंट काढायला ठेवलंय.