‘जोडलंय हो ताई’ : आईचे लाडक्या बहिणीचे पैसे आणि माझे बँकेतले हेलपाटे

2024 च्या जुलैत आईचा लाडकी बहीण योजनेचा अर्ज मी भरला. फोटो, रेशनकार्ड, हमीपत्र, सगळं सरळ झालं आणि अर्ज मंजूर झाल्याचा मेसेजही आला. खातं मात्र एकटीच्या नावाचं द्यावं लागलं, नवऱ्याबरोबरचं संयुक्त चालत नव्हतं.

त्या अर्जात एक प्रश्न होता : आधार बँकेला जोडलेलं आहे का? मी बिनधास्त ‘होय’ केलं. तिथेच फसले.

राखीच्या आधी गल्लीतल्या बायकांना दोन हप्त्यांचे 3000 आले. आईच्या खात्यात शून्य. बँकेत गेले. काउंटरवरच्या माणसानं स्क्रीन माझ्याकडे वळवली. ‘हे बघा, आधार जोडलंय.’ खरंच आईच्या आधारचे शेवटचे चार आकडे तिथे दिसत होते. चार दिवसांनी पुन्हा गेले. ‘जोडलंय हो ताई, सरकारकडूनच आले नसतील.’ तिसऱ्यांदा आईला घेऊन गेले, दीड तास रांगेत उभ्या राहिलो, आणि पुन्हा तेच. ‘जोडलंय’ हा शब्द तोवर माझ्या डोक्यात जायला लागला होता. आपल्याकडे माणसं जोडतात, सोयरीक जोडतात, पै-पै करून पैसा जोडतात. पण आधार जोडण्याचे दोन अर्थ आहेत आणि पहिला झाला म्हणजे दुसरा झाला असं नाही, हे त्या बँकेत एकालाही सांगावंसं वाटलं नाही.

सांगितलं ते अंगणवाडीच्या बाईंनी. ‘लिंक असेल गं, सीडिंग नसेल.’ त्यांनीच आधारच्या साइटवर लॉगिन करून ‘बँक सीडिंग स्टेटस’ बघायला लावलं. (ओटीपी आधारला दिलेल्या मोबाइलवरच येतो, तो नंबर चालू असू द्या.) उघडून बघते तर भलत्याच बँकेचं नाव! आई म्हणाली, ‘अगं, हे तर गॅसच्या सबसिडीचं खातं!’ पत्र्याच्या ट्रंकेत पासबुक सापडलं. शेवटची नोंद आठ वर्षांपूर्वीची, शिल्लक 212 रुपये. व्यवहार नाही म्हणून खातं कधीच निष्क्रिय झालेलं.

भानगड अशी की बँक आधार नंबर आपल्या खात्यावर नोंदवते, ते झालं लिंक. सरकारी पैसे मात्र एनपीसीआयच्या (बँकांमधले डिजिटल व्यवहार चालवणारी संस्था) मॅपरमधली, म्हणजे कुठल्या आधारासमोर कुठली बँक या यादीतली, नोंद बघून जातात. ती नोंद म्हणजे सीडिंग. तिथे एका आधारासमोर एकाच बँकेचं नाव असतं. खाते क्रमांकसुद्धा नसतो, फक्त बँक. अर्जात तुम्ही कुठलंही खातं लिहा, पैसे त्या नोंदीतल्या बँकेकडे जाणार. सरकारी कागदात याला ‘आधार संलग्न खाते’ म्हणतात आणि काउंटरवर संलग्नचंही ‘जोडलंय’ होतं.

आई तीस वर्षं ब्लाउज शिवतेय. मी समजावत होते तर मध्येच म्हणाली, ‘म्हणजे यांनी नुसता धावदोरा घातलाय, टीप मारलीच नाही.’ मला लागलेले तीन आठवडे तिनं एका वाक्यात उरकले.

मग चौथी फेरी. यावेळी काउंटर नाही, थेट अधिकाऱ्यांच्या टेबलापाशी. ‘जोडणी’ हा शब्दच काढला नाही. म्हटलं, डीबीटीसाठी (थेट खात्यात येणाऱ्या सरकारी पैशांसाठी) सीडिंग या बँकेत आणायचंय, संमतीचा अर्ज द्या. मिळाला! आधीच्या बँकेचं नावही त्यात लिहायचं होतं, म्हणून जुनं पासबुक बरोबर न्या. आणि पोच घ्याच. मी घेतली नव्हती. आठ दिवसांनी स्टेटस तसंच, आणि ‘अर्ज कुठाय?’ म्हणून मलाच विचारलं. पुन्हा अर्ज भरला, शिक्क्यासहित पोच घेतली. पाचव्या दिवशी साइटवर नाव बदललेलं दिसलं.

सप्टेंबरअखेर तीन हप्त्यांचे 4500 एकदम आले. आईनं मशीनचा पट्टा बदलून घेतला. जुन्या खात्यातले 212 काढायला जाऊ या म्हणतेय. मी हात जोडले.