गोव्याच्या उन्हाळ्यात फॉरेस्ट ड्रॅगन सांभाळताना: माझा अनुभव

आग्नेय आशियातील डोंगराळ वर्षावनांत राहणारा गोनोसेफॅलस, म्हणजेच फॉरेस्ट ड्रॅगन, हा सरडा एका परिचितांनी परगावी जाताना कागदपत्रांसह माझ्या स्वाधीन केला, तेव्हापासून डिचोलीच्या आमच्या घरात त्याची काळजी मी घेत आहे. आपल्या सत्तरी तालुक्यातील कुळागरांत, म्हणजे बागायतींत, सुपारीच्या खोडांवर दिसणारा उडता सरडा याच्याच कुळातला. मात्र विदेशी प्राणी स्वीकारताना तो सायटिस या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या परिशिष्टांत आहे का, हे आधी तपासावे, कारण तशा प्राण्यांची केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करणे 2024 च्या नियमांनुसार सक्तीचे आहे.

सरडे पाळण्याविषयी मिळणारी बहुतेक माहिती थंड देशांतली असल्यामुळे तिच्यात उष्णतेच्या दिव्यांवरच भर असतो. आमच्याकडे प्रश्न नेमका उलटा होता. हा प्राणी सावलीतला आहे. त्याला 22 ते 28 अंश तापमान मानवते आणि तिशीच्या वर तो मलूल होऊ लागतो. एप्रिल-मे महिन्यांत इथला पारा सहज 33 अंशांवर जातो. ओले गोणपाट टांगून फारसे साधले नाही, कारण हवेतच एवढा दमटपणा असतो की पाणी पुरेसे वाळत नाही आणि म्हणून गारवाही येत नाही. शेवटी जाड चिऱ्यांच्या भिंती असलेल्या, उत्तरेकडच्या खोलीत पिंजरा हलवला आणि दुपारी त्याच्या जाळीच्या छतावर गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या ठेवू लागलो. थंड हवा आपोआप खाली उतरते, आणि वळिवाच्या गडगडाटात वीज गेली तरी हा उपाय चालू राहतो.

पिंजरा 4 फूट उंच आहे, कारण फॉरेस्ट ड्रॅगन जमिनीवर कमी आणि उभ्या खोडाला चिकटून जास्त राहतो. त्याच्या अंगाएवढ्या जाडीच्या फणसाच्या फांद्या उभ्या बसवल्या, त्यांवर मनीप्लांट चढवला आणि तळाशी कोकोपीट व माती यांचा जाड थर दिला. काचेपलीकडचे दिसले की हा सरडा पुढे झेपावतो आणि नाकपुडीजवळ जखम करून घेतो. म्हणून तीन बाजूंना बाहेरून बांबूची चटई लावली. कमी तीव्रतेची यूव्हीबी, म्हणजे अतिनील किरण देणारी, नळी रोज बारा तास चालते. ती जाळीच्या वर आहे, कारण साध्या काचेतून हे किरण जवळजवळ पोहोचतच नाहीत. पावसाळ्यात मात्र पाणी फवारणे बरेच कमी करावे लागते, कारण हवा खेळती नसली तर फांद्यांवर बुरशी धरते.

सर्वांत जास्त समाधान पाणी पाजताना मिळाले. वाटीतल्या स्थिर पाण्याकडे तो ढुंकूनही पाहत नव्हता. औषधांच्या दुकानातून सलाईनचा नवा सेट आणून बाटलीला जोडला आणि मनीप्लांटच्या पानावर सावकाश थेंब पडू दिले. पान हलताच त्याने मान तिरकी करून बराच वेळ पाहिले, मग जीभ लावली आणि डोळे मिटून तो कितीतरी वेळ पीत राहिला.

खाण्यासाठी रातकिडे मी घरीच, अंड्यांचे कागदी ट्रे ठेवलेल्या डब्यात वाढवतो. त्यांना आदल्या दिवशी गाजर, भोपळा आणि शेवग्याचा पाला भरपूर देतो, कारण किड्याच्या पोटात जे असेल तेच शेवटी सरड्याला मिळते. बहुतेक किड्यांत कॅल्शियमपेक्षा फॉस्फरस जास्त असल्याने वरून कॅल्शियमची पूड चोळावी लागते. सरड्याच्या दोन डोळ्यांमधील अंतरापेक्षा मोठा किडा मी देत नाही. गांडुळे घरच्या खतकुंडीतलीच देतो; फवारणी झालेल्या शेतातले किंवा काजूच्या बागेतले काहीही आणत नाही.

मृगाच्या सुमारास खोलीत काजवे येऊ लागतात, तेव्हा विशेष जपावे लागते. काजव्यांच्या काही जातींत सरड्यांना घातक ठरणारे विष असते आणि काजवे खाऊन बिअर्डेड ड्रॅगन जातीचे पाळीव सरडे दगावल्याच्या नोंदी आहेत. म्हणून पहिल्या पावसाआधीच खिडक्यांना बारीक जाळी बसवून घेतो आणि रात्री त्या खोलीत दिवा लावत नाही.