पाच किलोचं बाळ आणि सीआरआरटी

आजचा दिवस पीआयसीयूमध्ये, म्हणजे लहान मुलांच्या अतिदक्षता विभागात, सीआरआरटी (सतत चालणारं डायलिसिस) मशीनपाशी गेला. हे डायलिसिस चार तासांत उरकत नाही, रात्रंदिवस चालतं. बीपी नाजूक असलेल्या मुलांना तेच झेपतं.

सगळ्यात जोखमीची असतात पहिली दहा मिनिटं. पाच किलोच्या बाळात रक्त साधारण ४०० मिली. सर्किट, म्हणजे मशीनच्या नळ्या आणि फिल्टर, लहान ६० मिलीचं धरलं, तरी १५ टक्के रक्त एकदम शरीराबाहेर! १० टक्क्यांच्या वर गेलं की सर्किट सलाईनऐवजी रक्ताने भरून घ्यायचं. पण पिशवीतल्या रक्तात पोटॅशियम जास्त, ते आम्लधर्मी, शिवाय ते गोठू नये म्हणून घातलेलं सायट्रेट कॅल्शियम बांधून ठेवतं. म्हणून शक्य तितकं ताजं रक्त मागवा, कॅल्शियम आणि (आम्ल कमी करणारं) बायकार्बोनेट हाताशी भरून ठेवा, पंप हळूहळू वाढवा. मिनिटाला ३ ते १० मिली प्रतिकिलो एवढा वेग बहुतेकदा पुरतो.

फिल्टर वारंवार गोठला की लोक आधी हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध) वाढवतात. माझ्या मते आधी कॅथेटर, म्हणजे शिरेत घातलेली नळी, बघावा. मान वळली, नळी दुमडली, की प्रवाह अडखळतो आणि गुठळी होते. उजव्या बाजूच्या गळ्यातल्या शिरेतून नळी सरळ जाते, म्हणूनच ती पहिली पसंती.

सर्किटमध्ये हेपरिनऐवजी सायट्रेट वापरत असाल तर रक्तातलं एकूण आणि आयनाइज्ड (मोकळं) कॅल्शियम यांचं गुणोत्तर बघत राहा. २.५ च्या वर गेलं तर सायट्रेट साठतंय, यकृत ते पचवत नाहीये.

आणि बाळाचं तापमान! रक्त बाहेर फिरताना गार होतं. वॉर्मर पहिल्या मिनिटापासून चालू हवा. मात्र त्यामुळे खरा तापही झाकला जातो, म्हणून सीआरपी आणि कल्चर या संसर्ग ओळखणाऱ्या तपासण्यांवर नजर ठेवा.