फ्रीमँटलचा तुरुंग: जोची पळापळ आणि १९८८ची दंगल

पर्थहून लोकल पकडली की अर्ध्या तासात फ्रीमँटल येतं. बहुतेक लोक इथे बंदरावर मासे खायला आणि कॉफी प्यायला येतात. मी स्टेशनवरून थेट तुरुंगाची वाट धरली.

भिंती चुनखडीच्या, पांढऱ्याशुभ्र. हा दगड याच टेकडीतून कैद्यांनी फोडला आणि स्वतःचाच तुरुंग बांधला. पश्चिम ऑस्ट्रेलियात १८२९ साली वसाहत झाली ती मुक्त लोकांची, पण हात कमी पडू लागले तेव्हा वसाहतवाल्यांनीच इंग्लंडकडे कैदी मागितले. १८५० ते १८६८ या काळात जवळपास दहा हजार आले. आपल्याकडचं काळं पाणीही त्याच सुमाराचं. अंदमानची कैदी वसाहत १८५८ची.

मूळ कोठडी सात फूट बाय चार फूट. आत उभा राहून हात पसरले, तर दोन्ही तळवे भिंतींना टेकले. पुढे दोन कोठड्यांमधली भिंत फोडून एक केली. संडास मात्र शेवटपर्यंत आला नाही. बादलीच. सकाळी ती उचलून रिकामी करायची, हा प्रकार १९९१पर्यंत चालला!

गाईडबाई खुलल्या त्या मूनडाइन जो नावाच्या कैद्याच्या गोष्टीवर. हा पठ्ठ्या इतक्यांदा पळाला की त्याच्यासाठी खास लाकूड आणि खिळे ठोकून कोठडी मजबूत केली. पुन्हा पळालास तर माफी देईन, असं गव्हर्नर हॅम्प्टन त्याला म्हणाला म्हणे. मोकळी हवा हवी म्हणून जोला पहाऱ्यात, आवारात दगड फोडायला बसवलं. फोडलेल्या खडीचा ढीग वाढत गेला, ढिगाआडून जो दिसेनासा झाला आणि त्याने हातोडा दगडाऐवजी तुरुंगाच्या भिंतीवर चालवला. मार्च १८६७मध्ये भोक पाडून पसार! सगळा ग्रुप हसला.

१९८८च्या दंगलीवर मात्र त्या दोन मिनिटांत पुढे सरकल्या. मला ते खटकलं, कारण ती गोष्ट जोइतकी गोड नसली तरी जास्त महत्त्वाची आहे. ४ जानेवारी म्हणजे तिथला ऐन उन्हाळा. बाहेर चाळिशीपार पारा, आणि जाड दगडाच्या कोठड्यांत त्याहून जास्त. गर्दी, बादल्या, त्यात ही काहिली. कैद्यांनी १५ पहारेकऱ्यांना ओलीस धरलं आणि आग लावली. छपराचं जुनं लाकूड भराभर पेटलं. अग्निशमनचे बंब आले, पण दरवाजा घोडागाडीच्या जमान्यातला, अरुंद. शेवटचे ओलीस दुसऱ्या दिवशी सुटले. जीव कुणाचा गेला नाही. नुकसान १८ लाख डॉलरचं. पुढे कैद्यांवर मोठा खटला चालला.

सरकारने हा तुरुंग बंद करायचं दंगलीच्या आधीच ठरवलं होतं. नवं कॅझुरिना तुरुंग उभं राहीपर्यंत माणसं इथेच कोंडलेली राहिली. १९९१च्या नोव्हेंबरात अखेर कुलूप लागलं. खटल्यात कैद्यांना उभं केलं. त्या इमारतीला कोणी उभं करायला हवं होतं, असं मला राहून राहून वाटलं.

जाणार असाल तर रात्रीची टॉर्च घेऊन भुतांची टूर सोडा. त्याऐवजी जमिनीखालचे बोगदे पाहा, होडीत बसवून नेतात. तेही कैद्यांनीच खणलेले.