तुम्ही विचारलंत म्हणून: दुधानं कोड येतं का?

माझ्या हातांवरचे पांढरे डाग दिसले की लोक विचारतात, "लहानपणी माशांवर दूध प्यायला होतात का?" ज्यांच्या घरात नुकतंच कुणाला कोड दिसू लागलंय ते विचारतात, दूध-दही बंद करू का? दोघांनाही माझं उत्तर 'नाही' हेच.

कोडात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मेलॅनोसाइट पेशींवर उलटते. त्वचेला रंग देणाऱ्या या पेशी मेल्या की तेवढी जागा पांढरी पडते. त्यात आनुवंशिकतेचा वाटा असतो. दूध-माशांचा असल्याचा पुरावा नाही. चरकसंहितेनं दूध आणि मासे विरुद्ध आहारात धरलेत, म्हणून समजूत जुनी आहे आणि आजी ती काळजीपोटीच सांगते. पण बंगालमध्ये दह्यातला रोहू घरोघरी आवडीनं खातात आणि स्कॉटलंडमध्ये हॅडॉक मासा दुधात शिजवून त्याचं सूप करतात. (दुधानं मुरुमं वाढतात असं काही अभ्यासांत दिसलंय आणि मुरुमांमागे काळे डाग राहतात, पण ते कोड नव्हे.)

मला राग येतो तो आईवर येणाऱ्या ठपक्याचा. "पोटुशी असताना काय खाल्लंस?" हे माझ्या आईनं ऐकलंय. मग पोराचं दूध, दही, ताक, चिंच, लिंबू सगळं तोडतात. शाकाहारी घरात बी१२ मिळतं ते मुख्यतः दुधातून, आणि कोड असलेल्यांत त्याची कमतरता आधीच जास्त आढळते. अशा मुलाचं दूध तोडणं हा त्याच्यावर अन्यायच आहे.

विचारायचंच तर टिकलीबद्दल विचारा. काही स्टिकर टिकल्यांच्या गोंदातल्या पीटीबीपी या रसायनानं कपाळावर नेमका टिकलीएवढा पांढरा ठिपका उमटतो. थायरॉइड तपासलंय का, तेही विचारा. कोडासोबत तो आजार बऱ्याचदा असतो. आणि त्वचारोगतज्ज्ञांकडे लवकर जा. मलमं आहेत, नॅरोबँड यूव्हीबी या अतिनील किरणांचे उपचार आहेत. 2022 मध्ये अमेरिकेत रुक्सोलिटिनिब या औषधाच्या मलमाला कोडासाठी मान्यता मिळाली.

रंग परततो तो बहुतेक केसांच्या मुळाशी उरलेल्या पेशींतून. बोटांच्या टोकांना केस नसतात, म्हणून माझी बोटं अजून पांढरीच आहेत. चेहरा मात्र पूर्ण भरून आला, आणि उपचार चालू होते तेवढे दिवस मी रोज दूध पीत होते.