भीतीचे काय केलेत?

"स्तनाच्या कर्करोगाचे निदान झाले तेव्हा भीतीचे काय केलेत?" असे मला अनेकींनी विचारले आहे. विचारणारीचा आवाज ऐकला की बहुतेक वेळा कळते, बायोप्सीचा अहवाल नुकताच तिच्या हातात पडलेला आहे. "खंबीर राहा" हे तिला आधीच कोणीतरी सांगून झालेले असते आणि त्याचा काडीचाही उपयोग झालेला नसतो. तुम्ही विचारलेत म्हणून, मला जे कामी आले तेवढेच सांगते.

माझ्या छातीवर बसलेले ते ओझे एका भीतीचे नव्हते. त्यात अनेक भीती एकत्र कोंबलेल्या होत्या. त्या सुट्या करून पाहिल्यावर लक्षात आले, की काहींना माहिती लागते, काहींना औषध लागते आणि उरलेल्या काहींना सोबत घेऊनच दिवसाची कामे उरकावी लागतात.

माहितीने कमी होणारी भीती आधी हाताळावी. अहवालात "ग्रेड ३" असे वाचले की पुष्कळ जणी आजार तिसऱ्या टप्प्यात गेला असे समजून रात्रभर रडतात. प्रत्यक्षात सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मूळ पेशींपेक्षा किती वेगळ्या दिसतात, हे ग्रेड सांगते. टप्पा मात्र गाठीचा आकार, काखेतील लसिकाग्रंथी आणि आजाराचा इतरत्र झालेला प्रसार यांवरून ठरतो. संप्रेरकांचे ग्राहक (पेशींवरील, संप्रेरके ज्यांना चिकटतात ती प्रथिने) आणि हर-२ (पेशींची वाढ घडवणारे एक प्रथिन) यांच्या तपासण्यांवर कोणते औषध चालेल हे अवलंबून असते, म्हणून त्यांच्यासाठी थांबावे लागले तर ते दिवस वाया गेले असे मानू नये. मी प्रश्न कागदावर लिहून नेत असे आणि उत्तरे लिहून घेण्याचे काम बहिणीकडे देत असे, कारण डॉक्टरांसमोर बसल्यावर माझ्या कानांत नुसता गुंजारव चाले.

भीती घाई करायला लावते, हेही सांगायला हवे. "सगळे काढून टाका, उद्याच काढा" असे माझ्याही तोंडून निघाले होते. मात्र लवकरच्या टप्प्यातील आजारात फक्त गाठ काढून नंतर रेडिएशन देणे आणि पूर्ण स्तन काढणे यांची तुलना करणाऱ्या दोन मोठ्या चाचण्यांचे २० वर्षांच्या पाठपुराव्याचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले आणि दोन्ही मार्गांनी गेलेल्या स्त्रियांच्या आयुर्मानात फरक आढळला नाही. पूर्ण शस्त्रक्रिया काही जणींना आवश्यक असते आणि काही जणी ती विचारपूर्वक निवडतात. निर्णय कोणताही असो, तो घाबरलेल्या मनाच्या पहिल्या आवेगात घेतलेला नसावा.

रात्रीची भीती निराळी. केमोच्या दिवशी आणि पुढच्या एक-दोन रात्री मी टक्क जागी असे, हृदय धडधडे आणि मरणाखेरीज दुसरा विचार सुचत नसे. मळमळ आणि ॲलर्जी होऊ नये म्हणून केमोसोबत बहुधा डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड देतात, त्याने झोप उडते आणि मन अस्वस्थ होते, हे परिचारिकेने सहज बोलता बोलता सांगितले. डॉक्टरांना विचारून गोळीची वेळ सकाळची करून घेतली, तेव्हा भीती गेली नाही, पण मध्यरात्रीचा तिचा जोर ओसरला. भीतीमुळे आठवडेच्या आठवडे खाणे, झोपणे वा काम करणे अशक्य झाले असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जाण्यात संकोच कसला? फक्त टॅमॉक्सिफेन ही संप्रेरकांचा परिणाम रोखणारी गोळी चालू असेल तर ते त्यांना आवर्जून सांगावे, कारण पॅरॉक्सेटीन आणि फ्लुऑक्सेटीन यांसारख्या नैराश्यावरील गोळ्या त्याच्या कामात अडथळा आणू शकतात.

आता "सकारात्मक विचार कर, म्हणजे बरी होशील" या सल्ल्याविषयी. तो प्रेमापोटी दिलेला असतो, हे मान्य; पण त्यामुळे भीती वाटण्याचीच भीती वाटू लागते, जणू एका वाईट रात्रीने गाठ वाढणार आहे. आजार पसरलेल्या स्त्रियांनी नियमित एकत्र बसून मन मोकळे केले तर त्यांचे आयुष्य वाढते, असे १९८९ मधील एका छोट्या अभ्यासातून दिसले होते. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात मात्र आयुष्य वाढलेले आढळले नाही, पण मनाचा त्रास आणि वेदनेची जाणीव कमी झाली, विशेषतः सुरुवातीला ज्या अधिक खचलेल्या होत्या त्यांची. मला हा निष्कर्ष फार दिलासा देणारा वाटला. रडल्याने माझे आयुष्य घटणार नव्हते आणि बोलल्याने दिवस थोडे सुसह्य होणार होते. घरच्यांना मी स्पष्ट सांगितले, की मी घाबरले आहे असे म्हटले तर "असे बोलू नये" म्हणू नका, नुसते ऐकून घ्या.

सर्वांत चिवट भीती उपचार संपल्यावर आली. तोवर रोज कोणीतरी रक्त घेत होते, कोणीतरी तपासत होते. मग एकदम पुढची तारीख काही महिन्यांनंतरची मिळाली आणि खांदा दुखला तरी तो हाडात पोचलेला कर्करोगच वाटू लागला. मी लेट्रोझोल ही शरीरातील इस्ट्रोजेन कमी करणारी गोळी घेत होते आणि त्याने सांधे दुखतात, हे ठाऊक असूनही. डॉक्टरांशी बोलून एक नियम ठरवला: नवे दुखणे दोन आठवडे टिकले किंवा वाढत गेले तर दाखवायचे, श्वास लागणे, पायांतील बळ जाणे, उलट्यांसह तीव्र डोकेदुखी किंवा नवी गाठ आढळली तर लगेच. अधूनमधून सगळे स्कॅन करून घ्यावेत, असा मोह मलाही होता. परंतु काही लक्षणे नसताना असे स्कॅन वारंवार केल्याने आयुष्य वाढत नाही आणि निरर्थक ठिपक्यांपायी नवी धास्ती मात्र मिळते, म्हणून ठरावीक तपासणी आणि वर्षातून एकदा मॅमोग्राम (स्तनांचा एक्स-रे) यांवर मी थांबले.

मॅमोग्रामच्या आधीचा आठवडा अजूनही वाईट जातो. त्यावर मी एवढेच करते, की सकाळची पहिली वेळ मागते, अहवाल कधी मिळेल आणि तो समजावून कोण सांगेल हे आधीच विचारून ठेवते आणि शुक्रवारी तपासणी करून घेत नाही, नाहीतर शनिवार-रविवार अहवालाची वाट पाहण्यात जातात.